यादीतून उतरलेली यंत्रे

सोलापूर हे जुन्या यंत्रांवर जगत आलेले गाव आहे. १८७७ साली सुरू झालेली आणि गावात आजही केवळ ‘जुनी मिल’ एवढ्याच नावाने ओळखली जाणारी कापडगिरणी घ्या, किंवा पूर्व भागातल्या गल्ल्यांतून आणि अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीतून अद्याप खडखडणारे यंत्रमाग घ्या. यंत्र विकत घेणे हा येथे एका दिवसाचा व्यवहार आणि ते चालते ठेवणे हा पिढ्यांचा व्यवसाय मानला गेला. बापाने घेतलेला माग मुलाने चालवावा, त्याचा धोटा, पट्टा, मोटार ज्या त्या वेळी बदलावी, तुटलेले दातेरी चाक गावातल्याच फाउंड्रीतून ओतून घ्यावे, आणि मूळ कारखानदाराचे नावनिशाण कधीच पुसले गेले असताही त्या मागावरून रोज चादर उतरत राहावी, यात येथल्या माणसाला नवल वाटत नाही. माग उघडा असतो, हे त्याचे कारण. त्याचा प्रत्येक खटका डोळ्यांना दिसतो आणि बोटांना लागतो. ज्याला पाहता येते त्याला तो समजतो, आणि ज्याला समजतो त्याला तो दुरुस्त करता येतो.

संगणकाच्या बाबतीत ही मोकळीक आपोआप मिळत नाही. ती कोणीतरी मागून घ्यावी लागते, लिहून ठेवावी लागते आणि पुढच्यांनी सांभाळावी लागते; आणि जेथे ती सांभाळली गेली नाही तेथे धडधाकट यंत्रदेखील एखाद्या सकाळी मुके होते. मला हे ज्या वस्तूने शिकवले ती वस्तू म्हणजे सर्व्हरच्या पोटात बसणारे, हिरव्या पाटीचे, डिस्क कंट्रोलरचे कार्ड.

येथील विणकरांच्या एका सहकारी संस्थेत चादरींच्या नक्ष्यांचा जुना संग्रह आहे. नक्षी आधी चौकटींच्या कागदावर रंगवायची, मग त्या चौकटी मोजून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर छिद्रे पाडायची, आणि त्या पट्ट्या दोरीने एकामागून एक ओवून त्यांची माळ मागावरच्या जेकार्ड यंत्रावर चढवायची, ही रीत ल्यों शहरातल्या जोसेफ मारी जेकार्डने १८०४ च्या सुमारास रूढ केली आणि सोलापूरच्या चादरीने ती इतकी आपलीशी केली, की जेकार्ड हे कुणा फ्रेंच माणसाचे आडनाव आहे हे येथे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. एक पट्टी म्हणजे धोट्याची एक फेरी. जेथे छिद्र आहे तेथे उभा धागा उचलला जातो, जेथे नाही तेथे तो खालीच राहतो. संस्थेत वयोवृद्ध नक्षीकार आहेत, सारे त्यांना अण्णा म्हणतात. घरी तेलुगू बोलणारे, बाहेर सोलापुरी मराठी बोलणारे हे अण्णा धुळीने माखलेली एखादी माळ उजेडासमोर धरतात, छिद्रांवरून बोट फिरवीत चार-सहा पट्ट्या पुढे सरकवतात, आणि आता येथून मोराचा पिसारा सुरू होतो, असे सांगतात. वाचण्यासाठी त्यांना माग लागत नाही, वीज लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही.

कागद पिवळे पडू लागले, काही दप्तरांना वाळवी लागली, तेव्हा हा सारा संग्रह स्कॅन करून एका सर्व्हरवर ठेवण्याची तजवीज संस्थेने केली. सर्व्हर नवा नव्हता. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतून मुदत भरली म्हणून बाहेर पडणारे सर्व्हर ज्या किमतीला मिळतात त्याच किमतीत आमच्याकडच्या शाळा, पतसंस्था आणि ग्रंथालये आपली गरज भागवतात, आणि त्यात कमीपणा आहे असे मला कधी वाटले नाही. उत्तम दर्जाचे पोलाद, दुहेरी वीजपुरवठा, रात्रंदिवस चालण्यासाठीच घडवलेले पंखे, एवढा ऐवज त्या पैशात नव्या यंत्रात मिळत नाही. त्या सर्व्हरची देखभाल माझ्याकडे आली, आणि तिच्याबरोबर ते कार्डही आले.

या कार्डाचे काम काय, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. १९८८ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक निबंध लिहून असे प्रतिपादन केले, की एका अवाढव्य आणि महागड्या डिस्कऐवजी पुष्कळशा लहान, स्वस्त डिस्क एकत्र बांधाव्यात आणि मजकूर त्यांच्यावर अशा हिशेबाने विभागून ठेवावा, की त्यांतील एखादी निकामी झाली तरी उरलेल्यांवरून तिचा मजकूर पुन्हा उभा करता यावा. रेड या नावाने ती कल्पना जगभर गेली. हा हिशेब ठेवणारा कारभारी म्हणजे हे कार्ड. कोणता तुकडा कोणत्या डिस्कवर, कोणत्या क्रमाने, किती लांबीचा, याची नोंद ते डिस्कवरच एका राखीव जागेत आपल्या पद्धतीने करून ठेवते, आणि वरच्या कार्यप्रणालीला मात्र एकच सलग डिस्क दाखवते. मधला सारा व्यवहार झाकलेला राहतो. जोपर्यंत कार्ड जिवंत आहे आणि कार्यप्रणाली त्याला ओळखते, तोपर्यंत या झाकलेपणाची कोणाला बाधा होत नाही. उलट तो मोठा आरामच असतो.

या झाकलेपणातला धोका अण्णांनी एका प्रश्नात ओळखला. सर्व्हरचे झाकण उघडे होते, मी डिस्क बाहेर काढून पंख्यावरची धूळ झटकत होतो, आणि ते बाजूला खुर्ची घेऊन बसले होते. “का ओ सर,” ते म्हणाले, “ही डिस्क काढून दुसऱ्या डब्यात घातली तर आमची नक्षी दिसते का?”

“नाही अण्णा. दुसऱ्या कंपनीचं कार्ड असेल तर नुसता चुरा दिसेल.”

“मग पट्टीच बरी की.”

त्यांच्या या बोलण्याला माझ्याजवळ त्या वेळी उत्तर नव्हते, आणि त्या उत्तराच्या शोधातच पुढचे सारे घडले.

सर्व्हरवर सेंटओएस ७ ही लिनक्सवर आधारलेली मुक्त कार्यप्रणाली होती आणि तिची मुदत ३० जून २०२४ रोजी संपत होती. मुदत संपणे म्हणजे यंत्र बंद पडणे नव्हे. पण त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, आणि ज्या सर्व्हरला संस्थेच्या इतर संगणकांशी बोलायचे आहे त्याला तशा स्थितीत ठेवणे हे दार उघडे टाकून गावाला जाण्यासारखे आहे. तेव्हा नवी आवृत्ती बसवायचे ठरले. मजकुराची नक्कल वेगळ्या डिस्कवर घेऊन बाजूला ठेवली, नव्या प्रणालीचा पेनड्राइव्ह लावला, भाषा निवडली, वेळ निवडली, आणि डिस्क निवडण्याच्या पडद्यावर येऊन पाहतो तो तेथे काहीच नाही. सर्व्हर सुरू होताना कार्डाने आपले नाव सांगितले होते, डिस्कची संख्याही बिनचूक सांगितली होती. समोरचे हिरवे दिवे शांतपणे लुकलुकत होते. आणि कार्यप्रणालीच्या दृष्टीने मात्र त्या यंत्रात एकही डिस्क नव्हती.

संगणकातील प्रत्येक कार्डाला दोन क्रमांक असतात, एक बनवणाऱ्या कंपनीचा आणि एक नगाच्या जातीचा. कंपनीच्या क्रमांकांपैकी १००० हा एलएसआय लॉजिकचा, ९००५ हा अॅडॅप्टेकचा, १०३सी हा ह्यूलेट-पॅकार्डचा. या कामात असलेल्या माणसाला ते तोंडपाठ असतात. सुरू होताना लिनक्स हे क्रमांक विचारून घेते, आणि कार्डाशी बोलणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीजवळ, म्हणजे ड्रायव्हरजवळ, आपण कोणकोणत्या क्रमांकांची जबाबदारी घेतो याची एक यादी असते; क्रमांक यादीत असला की ड्रायव्हर पुढे होऊन कार्ड ताब्यात घेतो. एलएसपीसीआय ही आज्ञा दिल्याबरोबर आमचे कार्ड पडद्यावर हजर झाले, क्रमांकासकट. त्याच्या कुळाचा ड्रायव्हरही प्रणालीत होता. त्या ड्रायव्हरच्या यादीत हा क्रमांक तेवढा नव्हता. जुन्या आवृत्तीतली आणि नवीतली यादी मी शेजारीशेजारी उघडून पाहिली: नव्या कार्डांच्या ओळी तशाच, आणि जुन्या कार्डांच्या ओळी गाळलेल्या. कार्डाला कसे बोलवावे, त्याचे उत्तर कसे समजून घ्यावे हे सांगणारा बहुतेक मजकूर खाली तसाच्या तसा शाबूत होता.

ही कोणाची खोडी नव्हती, हे मला येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. सेंटओएस ज्या प्रणालीवरून तयार होई, त्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सची आठवी आवृत्ती २०१९ च्या मे महिन्यात आली तेव्हा अनेक जुन्या कंट्रोलरांचा आधार तिच्यातून काढल्याचे प्रसिद्धीपत्रातच नमूद होते, आणि नवव्या आवृत्तीत त्यात भर पडली. जी कंपनी दहा वर्षांच्या बोलीने पैसे घेऊन जबाबदारी पत्करते, तिने ज्या कार्डाचा एकही नग चाचणीसाठी हाताशी नाही, ज्याच्या कारखानदाराने हात वर केले आहेत, त्याची हमी द्यावी असा आग्रह धरणे न्यायाचे होणार नाही. हमी नाकारणे रास्त आहे. तरीही सोलापुरात बसून मला हे जाणवल्याशिवाय राहत नाही, की कोणते यंत्र जुने झाले याचा निर्णय जेथे होतो तेथे ते यंत्र फार पूर्वीच अडगळीत गेलेले असते, आणि जेथे ते त्याच सुमारास येऊन पोचते व नव्याने कामाला लागते, त्या गावांचा कौल त्या निर्णयात घेतला जात नाही. आमच्याकडे यंत्राचे आयुष्य त्याच्या पहिल्या मालकाच्या जमाखर्चावरून मोजत नाहीत.

मग मूळ कारखानदाराकडे जावे म्हटले, तर कारखानदार कोण? या कार्डांच्या कंपन्यांची वंशावळ पाहावी. अॅडॅप्टेक ही १९८१ साली स्थापन झालेली, एकेकाळी डिस्क जोडण्याच्या व्यवसायाचा जणू पर्यायशब्द असलेली कंपनी. तिचा हा धंदा २०१० साली पीएमसी-सिएराकडे गेला, पीएमसी-सिएरा २०१६ साली मायक्रोसेमीने घेतली, आणि मायक्रोसेमी २०१८ साली मायक्रोचिपने. थ्रीवेअर २००४ साली एएमसीसीकडे आणि तेथून २००९ साली एलएसआयकडे; मायलेक्स १९९९ साली आयबीएमकडे आणि तेथून २००२ साली तीही एलएसआयकडे; आणि खुद्द एलएसआय २०१४ साली अॅव्हागोच्या मालकीची झाली, जिने २०१६ साली ब्रॉडकॉम विकत घेऊन तिचेच नाव धारण केले. एवढ्या फेरफारांतून जुन्या कार्डाची आज्ञावली, त्याची माहितीपुस्तिका, त्याचे फर्मवेअर कोणत्या दप्तरात पडून आहे हे सांगणारा माणूस शोधायचा कोठे? वारसांना मालमत्ता मिळाली. तिच्याबरोबर जुन्या ग्राहकांची आठवणही मिळाली असे म्हणता येत नाही.

म्हणूनच ज्यांनी वेळीच कागद मागितले त्यांच्याविषयी मला आदर वाटतो. २००५ साली ओपनबीएसडी या मुक्त कार्यप्रणालीचे प्रमुख थिओ डी राट यांनी अॅडॅप्टेकच्या रेड कार्डांची तांत्रिक माहिती मागितली. डिस्क बिघडली तर तिची वार्ता कळावी, ती बदलता यावी, यासाठी ड्रायव्हरच्या जोडीला जी व्यवस्थापनाची साधने लागतात ती माहितीवाचून लिहिता येत नव्हती. माहिती मिळाली नाही, तेव्हा त्यांनी आपल्या ३.७ या आवृत्तीतून त्या कार्डांचा आधार काढून टाकला. अनेकांना तो हट्ट वाटला. मला मात्र त्यामागचा विचार निखळ प्रामाणिकपणाचा वाटतो: जे यंत्र बिघडल्याचे सांगू शकत नाही, आणि जे आपण दुरुस्त करू शकत नाही, त्याच्या भरवशावर लोकांचा मजकूर सोपवणे ही त्यांची फसवणूक आहे. मुक्त प्रणालीचे खरे बळ फुकटपणात नसून ती कागद मागते आणि मिळालेले कागद चव्हाट्यावर ठेवते, यात आहे.

त्या कागदांतून काय घडू शकते याचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. मायलेक्सच्या डीएसी ९६० या कार्डांचा लिनक्समधला ड्रायव्हर लिओनार्ड झुबकॉफ यांनी लिहिला होता. २९ ऑगस्ट २००२ रोजी अलास्कात हेलिकॉप्टरच्या अपघातात त्यांचा अंत झाला. त्यांचा ड्रायव्हर मात्र पुढे सोळा वर्षे लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, राहिला. वेगवेगळ्या माणसांनी त्यात लागतील तशा डागडुज्या केल्या. अखेर गाभ्याची अंतर्गत रचनाच इतकी बदलली, की तो जुना मजकूर तिच्यात बसेना. सरळ मार्ग होता तो काढून टाकण्याचा, आणि त्या वेळी डीएसी ९६० वापरणारे जगात असे किती उरले असतील! पण सूझे कंपनीत काम करणाऱ्या हान्नेस राइनेके यांनी झुबकॉफ यांचा ड्रायव्हर समोर ठेवून, नव्या रचनेला धरून, दोन नवे ड्रायव्हर लिहिले, आणि २०१८ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या ४.२० या आवृत्तीत जुना काढून त्यांची स्थापना झाली. ज्या कंपनीने कार्ड बनवले ती दोनदा विकली गेली होती, ज्याने त्याची भाषा जाणली तो माणूस हयात नव्हता, आणि तरीही त्याने समजून घेतलेले सारे एका परक्या माणसाला ओळ न ओळ वाचता आले. अण्णांच्या पट्टीला शोभेल असे उत्तर मला प्रथम येथे सापडले.

आमच्या कार्डापुरते म्हणाल, तर काम कष्टाचे होते, गूढ नव्हते. यादीतून गळालेल्या कार्डांसाठी एलरेपो नावाचा स्वयंसेवकांचा एक प्रकल्प आहे. गाळलेल्या ओळी परत जोडून ते ड्रायव्हर पुन्हा बांधतात आणि प्रणाली बसवतानाच तो पुरवता यावा म्हणून त्याची स्वतंत्र डिस्कप्रत करून ठेवतात. ही प्रत अगदी प्रारंभीच द्यावी लागते, कारण ड्रायव्हर ज्या डिस्कवर राहायचा तीच डिस्क त्या ड्रायव्हरवाचून उघडत नाही. आणि याच कारणासाठी प्रणाली सुरू होताना जी लहानशी प्रतिमा आधी स्मृतीत उतरते, तिच्यातही त्याला जागा करून द्यावी लागते. पुढे २०२४ च्या मे महिन्यात त्याच घराण्यातल्या अल्मालिनक्स या मुक्त प्रणालीने आपल्या ९.४ या आवृत्तीत मेगारेड, स्मार्ट अॅरे, अॅडॅप्टेक अशा अनेक जुन्या कुळांतील कार्डांचा आधार स्वतःहून पुन्हा सुरू केला. दुसऱ्यांनी गाळलेल्या ओळी परत लिहिण्याचा अधिकार त्यांना होता, कारण त्या ओळी पहिल्यापासूनच सर्वांच्या होत्या. एलरेपोची प्रत दिल्यावर आमच्या पडद्यावर डिस्क दिसल्या, तेव्हा अण्णांनी खुर्ची पुढे ओढली आणि पहिली नक्षी उघडेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

उरला प्रश्न कार्डाच्या प्रकृतीचा. त्याच्या अंगावर स्वतःची स्मृती असते, तिला जोडलेली एक छोटी बॅटरी असते. डिस्कवर उतरण्यापूर्वीचा मजकूर स्मृतीत असताना वीज गेली तर ही बॅटरी तो सांभाळते. भारनियमनाच्या काळात या गावाने जे सोसले ते ज्यांना आठवते त्यांना या सोयीचे मोल वेगळे समजावून सांगायला नको. पण लिथियमच्या बॅटरीला उष्णता मानवत नाही, आणि सोलापूरचा मे महिना पारा बेचाळीस अंशांच्या वर नेतो. आमची बॅटरी फुगून तिचे वेष्टन ताणले गेले होते. बॅटरी दगावल्याचे कळताच कार्ड आपली स्मृती वापरण्याचे थांबवते आणि प्रत्येक अक्षर डिस्कवर उतरवूनच पुढे जाते. लिहिण्याचा वेग एकदम उतरतो, पुष्कळांना वाटते की डिस्कच गेल्या. ती फुगलेली बॅटरी आधी काढली, आणि मंद पण सुरक्षित लिहिणे कबूल केले. नक्ष्यांच्या संग्रहाला घाई नसते.

मी कोणाला जुनी कार्डे वाटेल तेथे वापरा असे सांगणार नाही. त्यांतील काही दोन टेराबाइटच्या वरची डिस्क ओळखत नाहीत, काही वीज खातात, काहींच्या फर्मवेअरमधले दोष आता कोणी दुरुस्त करणार नाही. ज्या मजकुराची दुसरी प्रत नाही तो अशा कार्डाच्या हवाली करू नये, आणि रुग्णालयाच्या कारभाराला तर त्यांच्यापासून दूरच ठेवावे. माझे मत असे झाले आहे, की जुन्या कार्डाकडून कारभारीपण काढून घ्यावे आणि त्याला केवळ निरोप्याचे काम द्यावे. एलएसआयच्या २००८ या क्रमांकाच्या चिपची कार्डे, जी पुष्कळ कंपन्यांनी आपापल्या नावाने विकली, त्यांच्यावर वेगळे फर्मवेअर चढवले की ती रेडचा हिशेब सोडून देतात आणि डिस्क जशीच्या तशी लिनक्सच्या स्वाधीन करतात. मग हिशेब ठेवते एमडी ही लिनक्सचीच व्यवस्था, जिची मांडणी कोणालाही वाचता येते, आणि त्या डिस्क दुसऱ्या कोणत्याही यंत्राला लावल्या तरी नक्षी तेथे दिसते. ज्या कार्डांनी आपल्या नोंदी डीडीएफ नावाच्या उघड नमुन्याप्रमाणे ठेवल्या आहेत, त्यांच्या डिस्कदेखील कित्येकदा कार्डावाचून एमडीएडीएम या आज्ञेने जुळवता येतात. या सोयी ज्यांनी लिहिल्या त्यांना सोलापुरातल्या चादरीच्या नक्ष्यांची कल्पनाही नसेल.

संस्थेत आता एक वही ठेवली आहे. सर्व्हरच्या कपाटातच ती असते आणि मराठीत लिहिलेली आहे: कार्डाचे दोन्ही क्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती, कोणत्या कर्नलबरोबर कोणता ड्रायव्हर चालला, डिस्क कोणत्या खणात कोणत्या क्रमाने बसवल्या आहेत, बॅटरी केव्हा काढली. गावातल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातली एक विद्यार्थिनी, अण्णांची नात, हल्ली शनिवारी येते. नव्या कर्नलची चाचणी आधी दुसऱ्या एका सर्व्हरवर तीच करते आणि निकाल वहीत उतरवते. नक्ष्यांच्या सर्व्हरवरचा संग्रह एमडीच्या मांडणीत हलवायचा बेत ठरला आहे. त्यासाठी लागणारे कार्ड मिळाले, केबल पुण्याहून यायची आहे. ती आली की दिवाळीच्या सुटीत, संस्थेचे कामकाज बंद असताना, तेवढे उरकून घ्यायचे.